काकूंचं तळं: पाणी आटत होतं की गळत होतं?

काकूंकडे एक वही आहे. परसातल्या तळ्याचं पाणी किती उतरलं ते त्या रोज सकाळी काठाशी बोटं लावून मोजायच्या आणि वहीत टिपायच्या. 'दीड बोट.' 'दीड बोट.' 'एक बोट, आभाळ होतं.' 'दीड बोट, वारा फार.' ऊन तापायला लागल्यापासूनच्या या नोंदी. मग एका तारखेपासून रोज एकच शब्द: 'भरलेलं.' तीन आठवडे ओळीने 'भरलेलं', आणि त्याच्या पुढच्या पानावर, 'दोन कोई गेले. बाकीचे तोंड वर काढून.' कोई म्हणजे तळ्यात पाळतात ते मोठे रंगीत मासे.

मधल्या तीन आठवड्यांत झालं होतं इतकंच, की रोज पाईप ओढून कंटाळलेल्या काकूंनी तळ्याला फ्लोट व्हॉल्व्ह बसवून घेतला होता. घराच्या टाकीत असतो तसाच. पाणी उतरलं की गोळा खाली येतो, नळ उघडतो, पातळी जागेवर आली की आपोआप बंद. बसवल्यावर त्या मला म्हणाल्या होत्या, "अगं, सुटले बघ. आता पाणी बघायलाच नको." मीही 'छान झालं' म्हणून मोकळी झाले. वीस वर्षं मासे पाळून मला तेव्हा एक साधा प्रश्न सुचला नाही, याची मला अजून लाज वाटते. रोजचं दीड बोट पाणी जात कुठे होतं?

आधी तळ्याची मापं. लांबी ३ मीटर, रुंदी २ मीटर, भिंती जवळजवळ उभ्या, सरासरी खोली ६० सेंटिमीटर. म्हणजे पाणी साधारण ३,६०० लिटर. आत जाड रबरी लायनर, म्हणजे पाणी मातीत मुरू नये म्हणून अंथरलेलं अस्तर. एका टोकाला दगड रचून केलेला छोटा धबधबा, त्याच्या डोक्यावर फिल्टरचा डबा. तळाशी पंप. पंप पाणी डब्यात चढवतो आणि ते स्पंजातून गाळून दगडांवरून परत तळ्यात पडतं. मासे अकरा: सात गोल्डफिश, चार कोई. कडेला कर्दळ, आत कुमुदिनीच्या दोन कुंड्या. चार महिन्यांपूर्वी तळं उपसून, घासून, नळाच्या पाण्याने पुन्हा भरलं होतं.

पृष्ठभाग ६ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोब्बर एक लिटर. त्यामुळे या तळ्यात पातळी एक मिलिमीटर उतरली की सहा लिटर गेले. पुढचा सगळा हिशेब या सहाच्या पाढ्यावर आहे.

ती सकाळ

मी पोचले तेव्हा काकू काठावर उभ्या होत्या, आणि त्यांच्या हातातला पाईप पूर्ण सुटलेला होता. पाणी चार बोटं खाली गेलेलं, मासे तडफडताहेत, मग माणूस दुसरं काय करणार? पाणी भरणार. मी आधी नळ बंद केला. काकू चिडल्याच. "अगं, पाणी कमी आहे म्हणूनच तर तगमगताहेत ते!"

मला खटकली ती माशांची जागा. पाण्यात प्राणवायू कमी पडला की मासे जिथे पाणी पडतं, फेसाळतं तिथे गोळा होतात, धबधब्याच्या तोंडाशी. इथे उलटं होतं. धबधबा आणि व्हॉल्व्हची नळी एकाच टोकाला, आणि जिवंत असलेले नऊच्या नऊ मासे विरुद्ध कोपऱ्यात भिंतीला चिकटून, तोंडं वर. येणाऱ्या पाण्यापासून जितकं लांब जाता येईल तितके लांब. मेलेल्या एका कोईची कल्ल्यांची झाकणं उचलून पाहिली. कल्ले निरोगी माशाचे लालबुंद असतात. याचे फिकट, वर चिकट साय धरल्यासारखी आणि कडा पांढुरक्या.

जलतरण तलावांसाठी मिळतो तो क्लोरीन तपासायचा संच माझ्याकडे होता. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळा रंग जितका गडद तितका क्लोरीन जास्त. नळाच्या पाण्याचा रंग ०.५ आणि १ मिलिग्रॅम प्रति लिटर यांच्या मध्ये कुठेतरी जुळला. पिण्याच्या पाण्यासाठी यात काहीच वावगं नाही. पाणी घरापर्यंत येईतो त्यात थोडा क्लोरीन शिल्लक राहावा म्हणूनच तो घालतात. तळ्यातल्या पाण्यानेही फिकट, पण स्पष्ट पिवळी छटा धरली. तळ्यात ती अजिबात असायला नको. आपण पाणी पितो तेव्हा तो क्लोरीन पोटात जाऊन जिरतो. माशाचं रक्त मात्र कल्ल्यांच्या पातळ पापुद्र्यापलीकडे थेट पाण्याला भिडलेलं असतं. क्लोरीन तो पापुद्राच जाळतो. मग पाण्यात प्राणवायू कितीही असो, माशाला तो घेता येत नाही. काकूंचे मासे पाण्यात गुदमरत होते ते असे.

सोडियम थायोसल्फेटचे स्फटिक क्लोरीन जागच्या जागी मारतात. ढोबळ प्रमाण म्हणजे एक मिलिग्रॅम क्लोरीनला सात मिलिग्रॅम स्फटिक, म्हणजे पुरून उरतं. मी संपूर्ण तळ्यासाठी १ मिलिग्रॅम प्रति लिटर धरून २५ ग्रॅम बादलीभर पाण्यात विरघळवले आणि चहूबाजूंनी ओतले. एअर पंपाचे दोन एअर स्टोन (बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड) कोपऱ्यात सोडले, तळ्यावर जुनी चादर बांधून सावली केली. ऊन चढल्यावर पाण्यात प्राणवायू आणखी कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम राहतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. जळलेल्या कल्ल्यांना तो फरकही जड जातो. दहा मिनिटांनी पुन्हा थेंब टाकले तर पाणी नितळ राहिलं. माशांना मात्र कोपरा सोडायला दुपार उजाडली.

रात्री काय झालं

काकूंनी सहज म्हणून सांगितलं, "सकाळी आले तर धबधबा नीट पडतच नव्हता. डब्याच्या तोंडाशी पान अडकलं होतं, ते काढलं, मग लागला पडायला." त्यांना हे महत्त्वाचं वाटलं नव्हतं. मी डब्याच्या मागे गेले. तिथली माती चिखल झालेली, दोन कर्दळी आडव्या, आणि चिखलात मागच्या कुंपणापर्यंत गेलेला पाण्याचा ओघळ.

आता चित्र जुळलं. रात्री कधीतरी फिल्टरच्या तोंडाशी पान बसलं. पंप पाणी चढवतच होता. समोरून वाट अरुंद झाली तसं थोडं पाणी डब्याच्या मागच्या कडेवरून बागेत जाऊ लागलं. तळं उतरलं, गोळा खाली आला, व्हॉल्व्ह उघडला. पंप बागेत ओततोय आणि नळ तळ्यात, असं रात्रभर चाललं. व्हॉल्व्हची धार १० लिटरच्या बादलीखाली धरून पाहिली, अडीच मिनिटांत भरली. म्हणजे तासाला २४० लिटर. आठ तास धरले तर १,९०० लिटरच्या वर नळाचं कच्चं पाणी ३,६०० लिटरच्या तळ्यात.

व्हॉल्व्हला दोष देणं सोपं आहे, पण तो नसता तर? पंप तळाशी होता. त्याने तळं रात्रभर उपसत नेलं असतं आणि सकाळी मासे जेमतेम वीतभर पाण्यात सापडले असते, आणखी काही तासांनी चिखलात. व्हॉल्व्हने त्याचं काम चोख केलं. चूक होती ती त्याच्यामागे जोडलेल्या पाण्यात, ज्याला अंत नव्हता.

(जाता जाता आणखी एक. आवाज नको म्हणून काकूंनी व्हॉल्व्हच्या नळीचं तोंड पाण्याखाली बुडवून ठेवलं होतं. नळाचं पाणी जातं तेव्हा लाइनमध्ये कधीकधी ओढ तयार होते आणि बुडलेली नळी तळ्यातलं पाणी घराच्या नळात खेचू शकते. नळीचं तोंड पाण्याच्या वर, मध्ये हवा, ही गोष्ट आवाजापायी सोडायची नाही.)

मग रोजचं दीड बोट कुठलं?

पान अडकलं ते एकाच रात्री. वहीतलं दीड बोट त्याच्या कितीतरी आधीपासूनचं. त्यावर घरातल्या सगळ्यांचं, माझंही, एकच उत्तर होतं: ऊन वाढलंय, आटतंय. उन्हाळ्यात हे उत्तर कुणालाही पटतं, म्हणूनच ते धोक्याचं आहे.

पहिला सुगावा टीडीएस मीटरने दिला. त्याचं दांडकं पाण्यात बुडवलं की विरघळलेले क्षार किती ते कळतं. नळाचं पाणी लिटरला १८० मिलिग्रॅम. तळ्याचं २१०.

हे २१० बघून मी चक्रावले, कारण तो आकडा फार कमी होता. पाणी आटतं तेव्हा नुसतं पाणीच जातं, क्षार मागे राहतात. आपण नळाचं पाणी घालतो त्याच्याबरोबर आणखी क्षार येतात. तेही राहतात. चार महिन्यांत सरासरी ५ मिलिमीटर रोज, म्हणजे ३० लिटर धरले, तरी १२० दिवसांत ३,६०० लिटर आटले. अख्ख्या तळ्याएवढं पाणी. चार महिन्यांपूर्वी १८० ने सुरू झालेलं तळं आज ३६० च्या आसपास असायला हवं होतं. हे मीटर सोनाराचा काटा नव्हे. थोडा चुना भिंतींवर बसतो, माशांच्या खाण्यातून थोडी भर पडते. पण सगळं मान्य करूनही ३६० चे २१० होत नाहीत. त्यातली काही घट त्या एका रात्रीची होती. सगळी नव्हती. क्षार वाफेबरोबर उडून जात नाहीत, पाण्याबरोबर वाहून जातात. तळ्याला कुठेतरी भोक होतं.

आता बादली. ही चाचणी इतकी साधी आहे की लोक ती करत नाहीत. तळ्यात विटांचा छोटा ओटा केला, त्यावर बादली ठेवली. बादलीत तळ्याचंच पाणी, आणि आतली पातळी बाहेरच्या पातळीएवढी. दोन्हीकडे पेन्सिलने खूण. बादली तळ्यातच ठेवायची, काठावर नाही. काठावरची बादली उन्हात तापते आणि तिचं पाणी वेगळ्याच वेगाने आटतं. तळ्यात बुडलेल्या बादलीचं तापमान तळ्याएवढंच राहतं. ऊन तेच, वाराही जवळपास तोच. बादली गळत नाही. त्यामुळे बादलीत जेवढं उतरेल तेवढं आटलेलं, आणि तळ्यात त्याहून जास्त उतरेल ते गळालेलं.

पहिले चोवीस तास पंप चालू, व्हॉल्व्ह बंद. बादली ७ मिलिमीटर उतरली, तळं २६. फरक १९, म्हणजे ११४ लिटर. ऊन दिवसाला ४२ लिटर नेत होतं आणि त्याच्या जवळजवळ तिप्पट पाणी बागेच्या पोटात जात होतं. काकूंना मी पट्टी दाखवली तेव्हा त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तरीच ती कर्दळ एवढी माजलीय."

दुसरे चोवीस तास पंप बंद. यात एक खबरदारी लागते, ती पहिल्यांदा हे करणाऱ्याला सुचत नाही. फिल्टरच्या स्पंजात माशांची घाण पचवणारे जिवाणू वस्तीला असतात. पाणी वाहायचं थांबलं की डब्यातलं पाणी कुजकं होतं आणि ते मरतात. म्हणून स्पंज काढून तळ्यातच एअर स्टोनच्या शेजारी टांगले. पंप नसला तरी मासे आणि जिवाणू दोघांनाही हवा मिळत राहिली. दुसऱ्या दिवशीचा आकडा: बादली ७, तळं ९. १९ चा फरक २ वर आला.

म्हणजे लायनर धड होतं. हा निष्कर्ष मोलाचा, कारण लोक आधी लायनरवरच संशय घेतात, तळं उपसतात, मासे टबात काढतात, आणि भोक काही सापडत नाही. इथे १७ मिलिमीटर पाणी, दिवसाला १०२ लिटर, फक्त पंप चालू असताना जात होतं. म्हणजे ते पंपापासून धबधब्याच्या पायथ्यापर्यंतच्या वाटेवरच कुठेतरी निसटत होतं. पंप बंद असताना तळं उतरतच राहिलं असतं, तर पातळी जिथे येऊन थांबते तिथे भोक शोधायचं. तो वेगळा शोध, त्याची आम्हाला गरज पडली नाही.

पाईपचे जोड कोरडे होते. मग धबधब्याचा वरचा दगड उचलला. खालच्या लायनरची कड दोन्ही बाजूंनी वर वळवलेली असायला हवी, पन्हाळीसारखी. डावीकडची कड मातीबरोबर खचली होती. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी धरून पाहिलं, उजव्या कडेपेक्षा डावी दोन सेंटिमीटर खाली. डोळ्यांना हे दिसत नाही. धबधबा पडताना तर मुळीच नाही, कारण समोरून धार छान पडत असते आणि तिच्यातला एक पातळ पदर दगडाखालून मागे सरकत असतो. हात घातला तर दगडाची मागची बाजू गार, बुळबुळीत, हिरवं शेवाळ धरलेली. हे बरेच महिने चाललं असणार.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची. कड उपसून खाली मुरूम दाबला, कड चार बोटं वर वळवून दगडाने अडवली, शिंतोडे बाहेर उडत होते तो एक टोकदार दगड उलटा केला. फिल्टरच्या तोंडाला जाळी. डब्याच्या पुढच्या बाजूला, मागच्या कडेहून खालच्या पातळीला, एक जास्तीचं भोक. डबा तुंबला तरी पाणी आता बागेत न जाता तळ्यातच पडेल. आणि पंप तळावरून उचलून विटांवर, मध्यापर्यंत. उद्या काहीही फुटलं तरी पंपाला अर्ध्याच्या खाली पाणी उपसता येणार नाही.

उरलेले २ मिलिमीटर कडेच्या गवताचे होते. लायनरच्या काठावरून गवत आणि शेवाळ पाण्यात उतरलं होतं, आणि त्याचं दुसरं टोक बागेच्या कोरड्या मातीत. दिव्याची वात तेल ओढते तसं ते पाणी ओढत होतं. गवत छाटलं, लायनरची कड उभी केली, माती आणि पाणी यांच्यात कोरडी फट ठेवली.

पुढचे दोन आठवडे

कल्ले जळलेला एक गोल्डफिश तिसऱ्या दिवशी गेला. बाकीचे आठ वाचले. पण क्लोरीनने फक्त माशांना हात लावला नव्हता. स्पंजातले जिवाणूही बरेच मेले होते. माशांच्या घाणीतून येणारा अमोनिया पचवायला कुणी उरलं नव्हतं. चौथ्या दिवशी तो ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर. पाण्याचा पीएच ८.२ होता, आणि तिथे हा आकडा हसण्यावारी नेता येत नाही. २८ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर अमोनियाचा एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. ८.२ ला तोच दहा टक्क्यांपर्यंत जातो. माशांचं खाणं बंद केलं (आठवडाभर उपाशी राहून मोठे मासे मरत नाहीत, काकूंचा जीव मात्र खालीवर होत होता), आणि क्लोरीन मारलेल्या पाण्याने दोनदा दहा-दहा टक्के पाणी बदललं. आठव्या दिवशी नायट्राइट (जिवाणू अमोनिया पचवताना मधे तयार होणारं दुसरं विष) दिसायला लागलं तसं साधं, आयोडीन नसलेलं मीठ घातलं. लिटरला एक ग्रॅम म्हणून ३.६ किलो, बादलीत विरघळवून, दिवसभरात तीन हप्त्यांत. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. क्लोरीन आणि क्लोराइड ही नावं ऐकून काकू दचकल्या होत्या. भाऊबंद आहेत खरे, पण स्वभाव अगदी वेगळे.

या मिठाने आणखी एक काम केलं, तेही फुकटात. मीठ आटत नाही. दुरुस्ती सातव्या दिवशी पुरी झाली होती. मीठ पूर्ण मिसळल्यावर मीटरने ११९० दाखवलं. त्यानंतर दहा दिवस आम्ही तळ्यातून थेंबही काढला नाही, उतरलेलं पाणी फक्त भरून काढलं. गळती तशीच राहिली असती तर दहा दिवसांत मीठ वाहून जाऊन आकडा साडेनऊशेच्या खाली आला असता. आला १२१०. नळाच्या पाण्याबरोबर आलेल्या क्षारांनी वाढायला हवा तेवढाच वाढलेला. भोक बुजल्याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

पाणी आता कसं भरतात

काकूंना परत पाईप ओढायचा नव्हता, आणि ती मागणी रास्त होती. व्हॉल्व्ह ठेवला, पण नळाशी असलेलं त्याचं नातं तोडलं. तळ्याहून उंच विटांच्या चौथऱ्यावर २०० लिटरचं पिंप, पिंपातून व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हचं तोंड पाण्याच्या वर. पिंप चार दिवसांनी एकदा हाताने भरायचं, आणि भरताना तळ्याकडचा कॉक बंद. आत एअर स्टोन सोडून झाकण न लावता एक दिवस-रात्र ठेवायचं, मग थेंबांनी तपासून कॉक उघडायचा. तोपर्यंत रोजचं ४२ लिटर तळं आपल्या पोटातून सोसतं, सात मिलिमीटरने माशांचं काही बिघडत नाही.

नुसता क्लोरीन असा उघड्यावर उडून जातो. काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन घालतात, ते दोन-चार दिवस ठेवूनही जात नाही. त्याला थायोसल्फेटच लागतं, आणि ते फुटल्यावर मागे थोडा अमोनिया राहतो, तो फिल्टरने पचवायचा. एक दिवस-रात्र हवा देऊनही थेंब पिवळे होत असतील तर तुमच्या नळात हेच आहे असं समजा.

पिंपाचा खरा फायदा मात्र क्लोरीनचा नाही. उद्या पुन्हा पान अडकलं, पाईप निसटला, गोळा अडकून व्हॉल्व्ह उघडाच राहिला, काहीही झालं, तरी तळ्यात जास्तीत जास्त २०० लिटर जातील. साडेपाच टक्के. ते पाणी कच्चं असलं तरी मासे तगतील. आपोआप भरणारी कुठलीही व्यवस्था लावताना मी आता आधी हेच विचारते, की ही बिघडली तर किती ओतेल? नळाला जोडलेल्या व्हॉल्व्हकडे या प्रश्नाला उत्तर नसतं.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असणाऱ्यांना क्लोरीनची भीती नाही, पण ते पाणी खोलातून येतं. त्यात प्राणवायू कमी आणि इतर वायू जास्त असू शकतात. तेही पिंपात खळखळवूनच घालावं. आणि पाणी नळाचं असो की बोअरचं, उन्हात पडलेल्या पाईपातलं पहिलं पाणी हाताला चटका देईल इतकं तापलेलं असतं. ते कर्दळीला.

गळती बुजल्यावर एक काम मात्र वाढलं, आणि ते काकूंना पटवायला मला वेळ लागला. इतके महिने ती गळतीच त्यांचं तळं बदलत होती. दिवसाला ११४ लिटर जुनं पाणी बाहेर, तेवढंच नवं आत. क्षार साठले नाहीत, नायट्रेट (घाण पचल्यावर शेवटी उरतं ते) साठलं नाही, पाणी कायम चकचकीत. म्हणून तर काकू म्हणायच्या, माझ्या तळ्याचं पाणी कधी बदलावंच लागत नाही. आता ते लागणार. तळं भरलेलं ठेवणं आणि तळ्याचं पाणी बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरून कितीही घातलं तरी जे साठलंय ते बाहेर जात नाही. म्हणून दर दहा दिवसांनी ३५० लिटरच्या आसपास काढायचं. त्या दिवशी लागणारं पाणी दोन पिंपांत, दोन दिवसांत विभागून घालायचं. मिठाचं पाणी संपेपर्यंत काढलेलं पाणी झाडांना नाही. त्यानंतर खुशाल.

वही पुन्हा सुरू झाली आहे. आता बोटं नाहीत. पिंपाला आतून दहा-दहा लिटरच्या खुणा केल्यात, आणि रोजचा आकडा तिथून येतो: '४०.' '४०.' '३०, आभाळ.' '५०, वारा.' विटांच्या ओट्यावरची बादली काकूंनी काढू दिली नाही. महिन्यातून एकदा त्या तिची परीक्षा घेतात. गेल्या खेपेला बादली ७ आली आणि तळं ८.

"हा एक मिलिमीटर कुठला गं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, धबधबा पडताना पाणी हवेत पसरतं, तिथे थोडं जास्त उडतं. बादलीत धबधबा नाही. सहाच लिटर आहेत, सोडून द्या. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वरचा दगड उचलून मागे हात घालून पाहिला. कोरडा होता. तेही वहीत आहे.